पाहुणे शब्द आणि घरची भाषा

चाकणच्या एखाद्या कारखान्यात संगणकाच्या हुकमाने चालणारे यंत्र मध्येच थबकते, पडद्यावर भलताच आकडा उमटतो, आणि यंत्रापाशी उभा असलेला तरुण शेजाऱ्यास सांगतो, "काही नाही रे, ग्लिच आहे." हा शब्द इंग्रजी, अशी त्याची समजूत असते आणि ती सर्वस्वी चुकीची आहे असेही नाही. परंतु इंग्रजीच्या घरातही हा शब्द पाहुणाच होय. पुष्कळ कोशकार त्याचे मूळ यिद्दिश भाषेतील घसरण्याच्या अर्थाच्या शब्दात शोधतात. अमेरिकेतील नभोवाणीच्या तंत्रज्ञांत तो आधी रुळला आणि १९६२ च्या सुमारास अंतराळवीरांच्या तोंडून सर्वतोमुखी झाला. म्हणजे पूर्व युरोपातील निसरड्या वाटेवरचा हा शब्द न्यूयॉर्कमार्गे चाकणास येऊन पोहोचला. एवढा प्रवास करून आलेल्या पाहुण्याची विचारपूस करणे हे टीकाकाराचे कर्तव्यच आहे. त्या निमित्ताने आमच्या घरातील पाहुण्यांकडेही एकदा नीट पाहता येईल.

यिद्दिश ही मध्य व पूर्व युरोपातील यहुदी लोकांची घरगुती भाषा. हिचा सांगाडा जर्मन, हिची लिपी हिब्रू, आणि हिच्या अंगावर हिब्रू, अरामी व स्लाव्ह भाषांचे दागिने. सुमारे हजार वर्षांपूर्वी ऱ्हाइन नदीच्या काठी ती आकारास आली. १८८१ नंतर रशियाच्या साम्राज्यातील छळास कंटाळून लक्षावधी यहुदी अमेरिकेस गेले, तेव्हा कपड्यांच्या गाठोड्याबरोबर ही भाषाही गेली. न्यूयॉर्कच्या शिवणकामाच्या कारखान्यांत, पावाच्या भट्ट्यांत आणि नाटकगृहांत तिचा इंग्रजीशी संबंध आला. त्या सहवासातून इंग्रजीस जे शब्द मिळाले, त्यांपैकी राजसभेतला किंवा पोथीतला शब्द क्वचितच आढळतो. बहुतेक सारे स्वयंपाकघरातले, बाजारातले आणि भांडणातले आहेत.

काही नमुने पाहा. 'श्लेप' म्हणजे जड वस्तू, किंवा स्वतःचा थकलेला देह, फरफटत नेणे. 'क्वेच' म्हणजे अखंड कुरकुर. 'नॉश' म्हणजे, आमच्याकडील आया मुलांना रागे भरताना म्हणतात तसे, जेवण सोडून दिवसभर चरत राहणे. 'कोशर' हा मूळचा हिब्रू धर्मशास्त्रातला, यिद्दिशच्या हातून इंग्रजीत आलेला शब्द; अन्नाच्या सोवळ्यापासून निघून तो व्यवहाराच्या सचोटीपर्यंत गेला, आणि आता इंग्रज माणूसही एखादा सौदा 'कोशर' नाही असे म्हणतो. 'खुत्स्पा' या शब्दास एका शब्दात प्रतिशब्द देणे कठीण. परंतु 'चोर तो चोर वर शिरजोर' ही म्हण ज्यास ठाऊक आहे, त्यास तो समजावून सांगण्याची गरज नाही. १९९८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीही निकालपत्रात हा शब्द वापरला, इतका तो आता प्रतिष्ठित झाला आहे. 'श्लेमील' आणि 'श्लिमाझल' ही जोडी तर अवश्य ध्यानात ठेवावी. पहिला वेंधळा, दुसरा करंटा. वेंधळ्याच्या हातून आमटी सांडते, आणि ती नेमकी करंट्याच्या अंगावर सांडते! शेवटी 'मेन्श'. याचा अक्षरशः अर्थ 'माणूस' एवढाच, परंतु आपणही एखाद्याविषयी "तो माणूस आहे हो!" असे म्हणतो तेव्हा त्यात जी माणुसकी भरलेली असते, तीच त्या यिद्दिश शब्दात आहे.

शब्दच नव्हे, शब्द वाकविण्याची एक लकबही इंग्रजीने यिद्दिशपासून उचलली. एखाद्या शब्दाची टर उडवावयाची झाल्यास तो पुन्हा उच्चारताना त्याच्या आरंभी 'श्म' लावावयाचा: 'फॅन्सी-श्मॅन्सी'. मराठी वाचकास यात नवल वाटणार नाही. 'चहा-बिहा', 'लग्न-बिग्न', 'साहेब-बिहेब' ही आमची नित्याची भाषा आहे. इतकेच की, आमचा 'बि' पुष्कळदा 'वगैरे' या अर्थाने साधेपणी येतो आणि केव्हा केव्हा नाक मुरडतो. तो 'श्म' मात्र नाक मुरडण्यासाठीच जन्मला आहे.

या साऱ्या शब्दांस इंग्रजी वाचकाच्या घरात मानाचे पान मिळवून देणारा ग्रंथ म्हणजे लिओ रोस्टेन यांचा १९६८ साली प्रसिद्ध झालेला 'द जॉइज ऑफ यिद्दिश'. हा कोश असूनही कोशासारखा वाचवत नाही, ही त्याची मोठीच थोरवी. रोस्टेन व्याख्या देऊन थांबत नाहीत. शब्दामागून किस्सा येतो, किश्शामागून त्या शब्दाचा सूर येतो. आईबापांचा खून करून न्यायाधीशापुढे "मी पोरका आहे, दया करा" असे रडणाऱ्या आरोपीची गोष्ट एकदा ऐकली की 'खुत्स्पा' जन्मात विसरत नाही. शब्दाचा अर्थ त्याच्या धातूत नसून त्याच्या वापरात असतो, हे तत्त्व इतक्या हसतखेळत शिकविणारे पुस्तक विरळा. आमच्या कोशकारांनी या बाबतीत रोस्टेन यांचे शिष्यत्व पत्करण्यास हरकत नाही.

परंतु याच गुणाच्या पोटात त्या ग्रंथाचा दोषही आहे. पुस्तक मिटविल्यावर वाचकाच्या मनात जी यिद्दिश उरते, ती केवळ हसणारी, चिमटे काढणारी, आज्जीबाईंच्या बटव्यातली यिद्दिश असते. याच भाषेत न्यूयॉर्कचे 'फोर्व्हर्ट्स' हे दैनिक १८९७ पासून निघत होते. हिच्या संशोधनासाठी १९२५ साली विल्ना येथे 'यिवो' ही विद्वत्संस्था स्थापन झाली. हिच्यात लिहिणाऱ्या आयझॅक बाशेविस सिंगर यांस १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ही यिद्दिश त्या किश्शांच्या गर्दीत दिसेनाशी होते. रोस्टेन यांस दोष द्यावा तर ते प्रांजळपणे सांगतात की, आपला ग्रंथ यिद्दिशविषयी नसून इंग्रजीत आलेल्या यिद्दिशविषयी आहे. तथापि वाचक प्रस्तावना विसरतो आणि किस्सा ध्यानात ठेवतो. पाहुण्याच्या विनोदास खळखळून हसावे आणि त्याच्या घरी काय चालले आहे हे विचारू नये, असा काहीसा हा प्रकार होतो. या मुद्द्याकडे आम्ही पुढे पुन्हा येणार आहोत.

आता आपल्या घराकडे वळू. परकीय शब्दांशी मराठीचा व्यवहार आजचा नाही, आणि चाकणचा तर मुळीच आजचा नाही. १६६० साली शायिस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे चाकणचा संग्रामदुर्ग सुमारे दोन महिने झुंजविणारा वीर म्हणजे किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. 'किल्लेदार' हा हुद्दा अरबी-फारसी. 'फिरंगोजी' या नावातला 'फिरंग' तर युरोपियनांस लावावयाचा फारसी शब्द. हुद्दा पाहुणा, नावही पाहुणे. लढाई मात्र स्वराज्याची! परक्या शब्दाने निष्ठा परकी होते असे मानणाऱ्यांनी त्या कोटाच्या पडक्या भिंतीपाशी क्षणभर उभे राहून विचार करावा.

असे असूनही शिवाजीमहाराजांस भाषेची चिंता होती, आणि ती रास्त होती. रघुनाथ पंडितांच्या नावावर असलेला 'राज्यव्यवहारकोश' राज्याभिषेकाच्या सुमारास त्यांच्या आज्ञेने सिद्ध झाला. दहा वर्गांत विभागलेल्या या कोशात सुमारे १३८० यावनी शब्दांस संस्कृत पर्याय दिले आहेत. त्याचे यश किती? 'पेशवा' या शब्दास 'पंतप्रधान' हा पर्याय राज्याभिषेकाने दिला. पुढच्या शतकात शिक्क्यांत तो मिरवलाही. पण अटकेपासून तंजावरपर्यंत लोकांच्या तोंडी नाव राहिले ते 'पेशवे' हेच. तेवढ्यावरून कोश फसला असे म्हणावयाचे काय? आम्ही तसे म्हणणार नाही. राज्यकारभार आपल्या भाषेत चालू शकतो, ही हिंमत त्या कोशाने दिली. शब्द थोडे टिकले, हिंमत टिकली. आमच्या मते हे मोलाचे.

दुसरा ग्रंथ माधवराव पटवर्धन, म्हणजेच कविवर्य माधव जूलियन, यांचा 'फार्शी-मराठी कोश'. हाही १९२५ सालचाच, ज्या वर्षी विल्ना येथे यिद्दिशची संस्था निघाली त्याच वर्षीचा. मराठीच्या अंगात फारसी-अरबी रक्त किती खोल मुरले आहे, याचा हा विद्वत्तापूर्ण हिशेब होय. आणि नियतीचा विनोद असा की, हा हिशेब मांडणारेच पुढे सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीचे कट्टे पुरस्कर्ते झाले आणि १९३८ साली त्यांनी 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. ज्याने पाहुण्यांची संपूर्ण यादी केली, त्यानेच त्यांस दार दाखविण्याचा पक्ष घेतला! यात विसंगती आहे, परंतु अप्रामाणिकपणा नाही. घरात पाहुणे किती आहेत हे मोजल्यावर घरधनी घाबरावा, हे स्वाभाविक आहे. भाषाशुद्धीने मराठीस 'दिनांक', 'महापौर', 'हुतात्मा' यांसारखे देखणे व सोयीचे शब्द दिले, हे तिचे ऋण आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, तेव्हा तिच्या प्रथम नागरिकास काय म्हणावे हा प्रश्न कोणासच पडला नाही. परंतु 'दिनांक' कागदावर आला तरी बोलण्यातली 'तारीख' हलली नाही, आणि चळवळीस हे अखेरपर्यंत नीटसे उमगले नाही. नव्या वस्तूस नवे नाव देणे निराळे, आणि रुळलेल्या नावास घराबाहेर काढणे निराळे.

रुळलेले म्हणजे किती रुळलेले, हे पाहावयाचे असेल तर ग्रंथालयात जाण्याचे कारण नाही. पिंपरी-चिंचवडच्या कोणत्याही कामगाराच्या तोंडचे शब्द ऐकावे. येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पाहता पाहता शेतांच्या जागी गाळे उठले. १९७० साली नगरपालिका, बारा वर्षांनी महानगरपालिका, आणि या शतकाच्या आरंभी कारखान्यांची रांग चाकणच्या माळापर्यंत पोहोचली. या सर्व गिरणगोंधळात ज्या शब्दावर घर चालते तो 'पगार'. हा शब्द पोर्तुगीज. पैसे चुकते करण्याच्या अर्थाचा. त्याच जहाजातून 'चावी' आली, 'बिजागरी' आली, आणि बांधकामावरील बाईच्या डोईवरचे 'घमेले'ही आले. 'कारखाना' फारसी. 'कामगार' यात काम आपले आणि गार फारसी. 'हजेरी' अरबी, 'रजा' अरबी, 'करार' अरबी, 'हक्क' अरबी. 'तक्रार' हाही अरबी, आणि त्याचा मूळ अर्थ 'पुनरावृत्ती' असा आहे. ज्याने एकच तक्रार चार वेळा लेखी दिली असेल त्यास ही व्युत्पत्ती फार मार्मिक वाटेल. आणि 'बिनपगारी रजा' हा दोन पदांचा प्रयोग पाहा: उपसर्ग देशी, मधला शब्द पोर्तुगीज, शेवटचा अरबी. तरी हे मराठी नव्हे असे म्हणण्याची खुत्स्पा कोण करील?

मग प्रश्न असा की, 'पगार' मराठी झाला आणि दिवाणखान्यात ऐकू येणारे 'बुक्स', 'फ्रेंड्स', 'मार्क्स' हे मात्र आमच्या कानास का टोचतात? केवळ वयाचा फरक म्हणावा तर 'टेबल' आणि 'मोटार' हेही फार जुने नव्हेत. आमच्या मते येथे व्याकरण हाच खरा पंच आहे, आणि त्याच्या तीन कसोट्या आहेत.

पहिली कसोटी विभक्ती-वचनाची. 'टेबल' मराठीत शिरला आणि नपुंसकलिंगी होऊन 'टेबलावर' झाला. 'फाइल' स्त्रीलिंगी झाली आणि तिचे अनेकवचन 'फायली' झाले. 'मोटारी', 'कंपन्या' हेही तसेच. परंतु 'मार्क' जाऊन 'मार्क्स' आले, तेव्हा शब्दाबरोबर परके अनेकवचनही घरात आले. पाहुणा आला तर ठीक. त्याने आपली चूलही बरोबर आणून स्वयंपाकघरात मांडली, हे ठीक नव्हे. दुसरी कसोटी साधित शब्दांची: 'पगार' यापासून 'पगारी', 'बिनपगारी', 'पगारदार' अशी प्रजा झाली. तिसरी व सर्वांत कठीण कसोटी क्रियापदाची. फारसी-अरबी शब्दांपासून मराठीने 'बदलणे', 'खर्चणे', 'फर्मावणे', 'अजमावणे', 'नवाजणे' अशी सरळ क्रियापदे घडविली. इंग्रजीनेही यिद्दिशशी हेच केले. 'श्लेप' यास आपला भूतकाळाचा प्रत्यय लावून मोकळी झाली. परंतु इंग्रजी शब्दांस मराठीत हे भाग्य जवळपास लाभलेच नाही. आम्ही 'सेट करतो', 'चेक करतो', 'लोड करतो'. सारा भार बिचाऱ्या 'करणे' या क्रियापदावर. पचनशक्ती मंदावल्याचे हे लक्षण आहे. खाण्यात दोष नाही. न पचण्यात आहे. भाषाशुद्धीवाले ताटातले पदार्थ मोजीत बसले. जठराग्नीकडे पाहावयाचे राहून गेले.

याच कसोट्या लावून या पट्ट्यातील सर्वांत नव्या पाहुण्यांकडे पाहू. ते जपानी आहेत. 'काइझेन', 'कानबान', 'गेंबा', 'मुदा', 'पोका-योके' हे शब्द कारखान्यांच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असतात. त्यांत गूढ असे काही नाही. 'काइझेन' म्हणजे सुधारणा. 'कानबान' म्हणजे पाटी. 'गेंबा' म्हणजे प्रत्यक्ष कामाची जागा. 'मुदा' म्हणजे वाया जाणे. जपानात हे रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत. आमच्याकडे मात्र ते मंत्रासारखे उच्चारले जातात, आणि मंत्राचे जे होते तेच त्यांचे होते: पाठ पुष्कळांस, अर्थ थोड्यांस. 'पोका-योके' याची कथा तर सांगण्यासारखी आहे. कामगाराच्या हातून चूक होऊच नये अशी यंत्राची रचना करणे, यास जपानात आधी 'बाका-योके' म्हणत. म्हणजे मूर्खापासून बचाव. तो शब्द एका कामगार स्त्रीच्या मनास लागला. तेव्हा शिगेओ शिंगो या अभियंत्याने शब्द बदलला: 'पोका', म्हणजे नकळत होणारी चूक. माणूस मूर्ख नसतो, चूक मात्र कोणाकडूनही होते! एका अक्षराच्या फेराने कामगाराची अब्रू राखली गेली. आता आमचा प्रश्न असा: भिंतीवर 'पोका-योके' लिहिलेले पाहणाऱ्या आमच्या किती कामगारांस ही गोष्ट ठाऊक असेल? शब्द आला, त्यामागचे सौजन्य बंदरातच राहिले. ते आणावयाचे असेल तर 'चूकरोध' म्हणा, नाहीतर 'पोका-योके'च म्हणा, पण मराठीत समजावून सांगा.

वरून लादलेला शब्द आणि खालून उगवलेला शब्द यांत हाच भेद आहे. कामगार संघटनांनी 'गेट मीटिंग' यास 'द्वारसभा' म्हटले आणि तो शब्द कारखान्याच्या दारात सहज उभा राहिला. कोणत्याही समितीने 'ठिय्या' हा शब्द मंजूर केला नव्हता. 'काइझेन'विषयीही आम्ही निराश नाही. 'काइझेन दिला' की 'काइझेन दिली' हा घोळ अजून आमच्या कानी येतो. शब्द उंबरठ्यावर उभा आहे, लिंग ठरले की आत येईल.

येथवर आम्ही उसनवारीचे समर्थनच केले. आता त्याची दुसरी बाजू, जी रोस्टेन यांच्या ग्रंथापाशी आम्ही सोडून आलो होतो. आपले शब्द परक्या भाषेत गेले की आम्हांस कोण आनंद होतो! इंग्रजीतील 'मंगूज' हा आमचा मुंगूस आहे, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पिंपरीच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्म जीवास शास्त्रज्ञांनी 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' असे नाव दिले आणि त्यापासून 'हॅमायसिन' हे बुरशीनाशक औषध झाले. गावाचे नाव लॅटिनच्या पंक्तीस बसले, याचा आनंद योग्यच आहे. हिंदी बोलपटांत 'झकास' आणि 'वाट लागली' हे शब्द ऐकून आम्ही खूश होतो. परंतु यिद्दिशचा इतिहास या आनंदावर पाणी ओततो. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ही भाषा बोलणारे एक कोटीहून अधिक लोक होते. हिटलरच्या राजवटीत मारल्या गेलेल्या साठ लाख यहुद्यांपैकी बहुसंख्यांची मातृभाषा हीच होती. वाचलेल्यांच्या मुलांनी अमेरिकेत इंग्रजी धरली, इस्रायलात हिब्रू धरली, आणि आज ती मुख्यतः हसिदी पंथाच्या वस्त्यांत नांदते. ज्या काळात इंग्रजीत यिद्दिश शब्दांची भर पडत होती, त्याच काळात यिद्दिश बोलणाऱ्यांची घरे रिकामी होत होती. उसना गेलेला शब्द हे भाषेच्या आयुष्याचे प्रमाणपत्र नव्हे. कित्येकदा ते मृत्युपत्रातील एक कलम असते.

मग भाषा जगते कशात? २२ नोव्हेंबर १९०९ या दिवशी न्यूयॉर्कच्या कूपर युनियन सभागृहात शिवणकामगारांची सभा भरली होती. पुढाऱ्यांची लांबलांब भाषणे चालली असता क्लारा लेम्लिख ही तरुण मुलगी उठली आणि तिने यिद्दिशमध्ये सार्वत्रिक संपाचा ठराव मांडला. हजारो स्त्रिया कामावरून बाहेर पडल्या. यिद्दिश जिवंत होती ती त्या सभागृहात. निर्णय घेण्यात, हक्क मागण्यात. विनोदापुरती उरली ती पुढे.

हीच गोष्ट पिंपरीत आपल्या डोळ्यांसमोर आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेली कुटुंबे पिंपरी कॅम्पात वसली. त्यांच्या हातचे दाल-पकवान आम्ही चवीने खातो, आणि 'दाल-पकवान' हा शब्द आता आमचाही झाला आहे, जसा न्यूयॉर्ककरांस 'बेगल' आपला वाटतो. पण सिंधीस १९६७ साली राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले, ती अरबी वळणाच्या लिपीत व देवनागरीत अशा दोन लिपींत लिहिली जाते, आणि त्यामुळे आजोबांचे पत्र नातवास वाचता येईलच असे नाही, याची वास्तपुस्त शेजारी म्हणून आम्ही किती केली? उलट कोकणातील बेने इस्रायल यहुद्यांनी काय केले ते पाहा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे 'शनवार तेली' मराठीस मातृभाषा मानून राहिले, आणि इस्रायल राष्ट्र झाल्यावर तिकडे गेले तेव्हा तेथेही त्यांनी 'मायबोली' या नावाचे मराठी नियतकालिक चालविले. मूठभर शब्द नव्हे, आख्खी भाषा त्यांनी बरोबर नेली. भाषेवरील प्रेम याहून निराळे काय असते?

शेवटी एक अप्रिय गोष्ट, जी वाचकांइतकीच आम्हांसही लागू आहे. यिद्दिशचा पहिला अपमान परक्यांनी नव्हे, तिच्याच सुशिक्षितांनी केला. एकोणिसाव्या शतकातील सुधारक यहुदी विद्वान तिला 'झार्गोन' म्हणत. अशुद्ध, भेसळीची, बायकापोरांची व अडाण्यांची बोली. आमच्या या पट्ट्यात लातूर-नांदेडकडून आलेला मुलगा "काम करायलोय" म्हणतो, वऱ्हाडातून आलेला "काऊन?" विचारतो, आणि पुण्याच्या शुद्ध मराठीत वाढलेली आमची घरे गालातल्या गालात हसतात. त्यांच्या मुलांस शाळेत मराठी बोलण्याची लाज आम्हीच शिकवितो, आणि मग मराठीत इंग्रजी फार शिरली म्हणून मासिकांत लेख लिहितो! परक्या शब्दांनी मराठीचे जेवढे नुकसान केले नसेल, तेवढे या हसण्याने केले आहे. 'करायलोय' हे रूप कोणत्याही इंग्रजी शब्दास सहज पचवील. ज्या तोंडाची जीभच आम्ही आखडून टाकली, ते तोंड काय पचविणार?

म्हणून आमची मागणी शुद्धीची नाही, वापराची आहे. कराराचा मसुदा, पगाराचा हिशेब, यंत्राचे शिक्षण ही कामे मराठीत व्हावीत, आणि ज्यास मराठी येत नाही अशा परप्रांतीयास ती शिकण्याची सोय व गोडी दोन्ही मिळावीत. चाकणच्या एखाद्या यंत्रावर धोक्याची पाटी अशा मराठीत लागेल की कालच कामावर आलेल्या मुलास ती दुभाष्यावाचून समजेल आणि त्याचा हात वाचेल, त्या दिवशी त्या पाटीवर 'स्विच' लिहिले आहे की 'कळ', हा वाद आम्ही आनंदाने सोडून देऊ.